वेढा लांबवल्याचा आरोप

“राणीसरकार, तुमच्यावर राजद्रोहाचा आरोप आहे,” खजिनदार म्हणाला आणि त्याने घसा खाकरला.

आत्याने मांडीवरचा टॉवेल बाजूला ठेवला. रविवारची दुपार होती. खाली दादा पंख्याखाली घोरत होता, मागच्या बाजूला वहिनी कपडे धूत होती, आणि वरच्या खोलीत पलंगाच्या कडेवर, कानात इअरफोन घालून बसलेल्या आपल्या घरच्या बाईवर राज्य बुडवल्याचा खटला उभा राहिला आहे हे दोघांच्याही गावी नव्हतं.

“राणीच राजद्रोह कसा करेल?” आत्याने विचारलं. “मी माझ्याच विरुद्ध कट केला म्हणायचा?”

दोघंतिघं हसले. खजिनदार हसला नाही. तो एरवी विमा कंपनीत होता. लोकांचे दावे नाकारण्यात हयात गेली, त्यामुळे त्याला सहसा कशाचं हसू येत नसे.

खेळ फोनवर चालायचा. पडद्यावर एक नकाशा, त्यावर बोटाने लावायच्या मशाली आणि आपल्या बाजूच्या खेळाडूंची नावं, बाकी सगळा कारभार तोंडी. प्रत्येकाने एक भूमिका घ्यायची आणि त्या माणसासारखं बोलायचं. सूत्रधार म्हणून एकजण असे, तो काय घडलं ते सांगायचा. पाऊस पडला, भिंत खचली, घोडा लंगडला. तो म्हणाला घोडा लंगडला की घोडा लंगडला, त्यावर अपील नाही.

आत्या या खेळात आली ती पाणी भरणारी बाई म्हणून. तिला वाटलं होतं, एका कोपऱ्यात बसून ऐकत राहू. पण एकदा दोन सरदार हमरीतुमरीवर आले, दोघंही जखमी, दोघंही ओरडतायत, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “दोघं आधी गप्प बसा. कोणाला किती लागलंय ते सांगा.” दोघं चक्क गप्प बसले. पुढच्या निवडीत सगळ्यांनी मिळून तिला राणी करून टाकलं. प्रत्यक्षात तिला उभ्या आयुष्यात कोणी ‘कपाटाची किल्ली कुठे आहे’ यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

ती रुग्णालयाच्या तळघरात काम करत असे. वर शस्त्रक्रिया झाली की रक्ताळलेल्या कात्र्या आणि चिमटे खाली यायचे. ते धुवायचे, पुसायचे, कापडात बांधायचे, वर टेप लावायची आणि वाफेच्या यंत्रात ढकलायचे. टेपवरच्या रेघा काळ्या झाल्या की गाठोडं शुद्ध झालं. मग ते छोट्या लिफ्टमधून वर पाठवायचं. लिफ्टच्या भोकातून कधीतरी आवाज यायचा, “लवकर पाठवा हो.” वरच्या जगाशी तिचा संबंध तेवढाच. खाली दिवसभर यंत्रांचा फुसफुसाट आणि तोंडावर मास्क, त्यामुळे बोलायचं म्हटलं तरी कोणाशी, हा प्रश्नच होता. आरोपाची सूचना तिला तिथेच मिळाली, शुक्रवारी, ओल्या हातांनी फोन पाहताना. तेव्हापासून तिला घास गिळवत नव्हता.

कारण ती खटला हरली तर राज्यातून हकालपट्टी होती, आणि राज्यातून गेली की टिंगू गेली.

टिंगू म्हणजे भाची, दादाची मुलगी. ती जन्मली तेव्हा वहिनी कित्येक महिने अंथरुणाला खिळली होती. ते मूल आत्याच्या मांडीवर आलं आणि तिथेच राहिलं. या खोलीत, या पलंगावर वाढलं. आपलं लग्न राहून गेलं याची आत्याला फारशी खंत नव्हती, कारण खंत करायला सवडच मिळाली नाही. मग टिंगू नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तिथेच तिने लग्न केलं. जाण्याआधी तिने आत्याच्या फोनवर हा खेळ घालून दिला.

“फोनवर आपण काय बोलणार, आत्या? जेवलीस का, झोपलीस का. इथे रोज काहीतरी घडतं. रोज भेटू.”

या वेळच्या मोहिमेत बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या आणि टिंगू गेली शत्रूकडे. डोंगरावरच्या किल्ल्याची किल्लेदार झाली. आत्याने त्या किल्ल्याला वेढा घातला. वेढ्याचा एक नियम होता. रोज संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या प्रमुखांनी वेशीपाशी येऊन बोलणी करायची.

“काय किल्लेदार, उंदीर रोडावले असतील ना तुमच्याकडचे?” आत्या विचारायची.

“उंदीर मजेत आहेत, सरकार. तुमच्या छावणीतले ढेकूण कसे आहेत?”

“तुमची आठवण काढतात.”

असं चालायचं. दिवसभरात आत्या मनापासून बोलायची ती एवढंच. बोलणी रोज फिसकटायची आणि दोघी खुशीत परत जायच्या.

मग टिंगूने एकदा सगळ्यांना कळवलं, ‘ही मोहीम संपली की मी खेळ थांबवतेय. ऑफिस, घर, जमत नाही आता.’ त्याच संध्याकाळी सूत्रधार म्हणाला की किल्ल्यातलं धान्य संपत आलंय. नंतर आत्याने सूत्रधाराला एकट्याला गाठून एक गुप्त हुकूम दिला. किल्ल्याच्या मागच्या मोरीतून पोती आत जाऊ लागली. किल्ला पडेना. राणीच्या सैन्याने हिवाळा डोंगराच्या पायथ्याशी कुडकुडत काढला.

“मोरीशी मी पहारा ठेवला,” आता हेर सांगत होता. हेर म्हणजे दाताचा डॉक्टर. रविवारीही दवाखाना उघडा ठेवायचा आणि पेशंट तोंड उघडून बसलेला असताना हेरगिरी करायचा. “पोतीवाल्याला रंगेहाथ धरलं. तो म्हणतो, हुकूम राणीसरकारांचा.”

“पोत्यांत काय होतं?” सूत्रधाराने विचारलं. त्याला सगळं माहीत होतं, पण खटला म्हटलं की विचारावं लागतं.

“धान्य. तेल. लोकरीची पांघरुणं. आणि एक मोठी बरणी मध.”

“मध?” खजिनदार म्हणाला.

“मध. आपण तिकडे उपाशी मारायला बसलोय आणि राणीसरकार मध पाठवतायत. मोठा आ करा. तुम्हाला नाही, सरकार, पेशंटला.”

आत्याने उत्तर शुक्रवारीच तयार करून ठेवलं होतं. आयुष्यात ती फारशी खोटं बोलली नव्हती. त्यामुळे तिला ते दोनदा घोकावं लागलं होतं.

“पोतीवाला खोटं बोलतोय,” ती म्हणाली. “शत्रूने त्याला फितवलंय. माझ्या लोकांत फूट पाडायची म्हणून.”

बोलताना आवाज जरासा चिरकला. पण फोनवर असं होतं, असं समजून कोणी लक्ष दिलं नसावं. तोफा सांभाळणारा म्हणालासुद्धा, “मला तरी पटतं. सरकार असं करायच्या नाहीत.” आत्याला त्याचा चांगुलपणा नकोसा झाला.

“ठीक आहे,” खजिनदार म्हणाला. “मग पोती जिथे पोचली तिथेच विचारू. किल्लेदार हजर आहेत?”

“आहे,” टिंगू म्हणाली.

हे आत्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. राणीवरच्या खटल्याला दोन्ही बाजूंना बोलावतात, हा नियम तिनेच तर कधीतरी सगळ्यांना समजावून सांगितला होता.

“पोती मिळाली?”

टिंगूच्या घरात भांडी वाजत होती. तिने नळ बंद केला.

“मिळाली.”

“कोणी पाठवली ते माहीत होतं?”

“आधी नव्हतं. मधाची बरणी आली तेव्हा कळलं.” तिने हात पुसले. “आदल्या दिवशी वेशीवर बोलताना मला खोकला येत होता. किल्लेदाराला नाही. मला.”

हेराच्या दवाखान्यातलं यंत्र घुंई करत होतं, ते बंद झालं.

खजिनदाराने पुन्हा घसा खाकरला. “म्हणजे आरोप सिद्ध झाला. तुमच्या माणसांनी इतके दिवस त्याच धान्यावर तग धरला.”

“माणसं नाहीत.”

“म्हणजे?”

“किल्ल्यात कोणी नाही. माझ्याकडचे सगळे केव्हाच खेळ सोडून गेले. एकीला बाळ झालं, एकाची बदली झाली, दोघं आपसात भांडले. मी एकटीच आहे. पोती आली तशीच पडून आहेत.”

“शक्य नाही,” हेर म्हणाला. “रोज अंधार पडला की सगळ्या तटावर मशाली असतात. मी स्वतः बघतो.”

“त्या मीच लावते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक करून. नाहीतर तुम्हाला कळलं असतं ना. ऑफिसातून आले की आधी मशाली, मग कुकर.”

“का?”

हे आत्याने विचारलं होतं. राणीचा आवाज काढायला ती विसरली होती.

“किल्ला पडला असता,” टिंगू म्हणाली, “तर तू संध्याकाळी कुठे गेली असतीस?”

आत्याला आधी आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, झाला. माझ्यासाठी पोरगी एवढं करते, असं वाटून ऊर भरून आला. पण तो आनंद एका श्वासापुरताच टिकला. मग तिला डोळ्यांसमोर दिसली ती दमून आलेली टिंगू, खांद्यावरची पिशवीही न उतरवता उभी, अंगठ्याने एकेक मशाल पेटवणारी, आत कोणीतरी ‘अगं जेवायला कधी वाढतेस’ म्हणून विचारतंय. जिला आपण धरून ठेवलं असं समजत होतो ती आपल्यासाठी अडकून पडली होती. आत्याला वाईट वाटलं. लाज वाटली. आणि एवढं होऊनही तिला टिंगू हवीच होती, हे सगळ्यात वाईट.

“मी आरोप मागे घेतो,” खजिनदार एकदम म्हणाला. “मला माहीत नव्हतं. माझीच घाई झाली.”

“मागे घेऊ नका,” आत्या म्हणाली. “आरोप खरा आहे. पोतीवाल्याला सोडा, तो खरं बोलला. माझ्यापायी तुम्ही सगळे थंडीत बसलात, त्याची माफी मागते. जाण्याआधी एक हुकूम देऊ का?”

“द्या सरकार,” सूत्रधार म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

“वेढा उठवा. किल्लेदारांना मानाने जाऊ द्या. कोणी अडवायचं नाही, कोणी सामान तपासायचं नाही. मशाली आपली माणसं वर जाऊन विझवतील. किल्लेदारांनी आता दमायचं नाही.”

“कुठे जाऊ, सरकार?” टिंगूने विचारलं.

“घरी जा. तुझ्या घरी. भाजी करपेल.”

सूत्रधाराने हकालपट्टीचा नियम वाचून दाखवला आणि नकाशावरचं राणीचं नाव पुसट होत होत गेलं. थोड्या वेळाने नकाशाही गेला. फोनच्या काळ्या काचेत आत्याला आपला चेहरा दिसला. तिने फोन पालथा घातला.

“वन्सं,” खालून वहिनीची हाक आली, “जरा येता का? चादर पिळायचीय, एकटीला आवरत नाही.”

आत्या खाली गेली. दोघींनी चादरीची दोन टोकं धरली आणि उलट दिशांना पीळ घातला. पाण्याची धार लागली.

“डोळे का लाल झालेत?” वहिनीने विचारलं.

“फोन बघून.”

“किती बघायचा तो. ठेवा आता बाजूला.”

“ठेवला,” आत्या म्हणाली.

त्यानंतरच्या संध्याकाळी फार लांब झाल्या. ती कामावरून यायची, अंघोळ करायची आणि वर जाऊन पलंगाच्या कडेवर बसायची. तळघरातही काहीबाही सुचायचं, किल्लेदाराला आज हे म्हणू, तिने असं म्हटलं तर आपण तसं म्हणू. मग आठवायचं. एकदा ती वाफेच्या यंत्रासमोर उभी राहून मोठ्याने हसली आणि शेजारची सिस्टर दचकली. टिंगूला फोन करावा असं रोज मनात यायचं. हातात फोन घेऊन ती तो परत ठेवून द्यायची. मानाने जाऊ द्या म्हटलं ना आपण, असं स्वतःला बजावायची.

मग एका संध्याकाळी टिंगूचाच फोन आला.

“काय करतेयस, आत्या?”

“काही नाही. बसलेय.”

“मी पण बसलेय. आज लवकर सुटले.”

टिंगूने ऑफिसातली लिफ्ट बंद पडल्याचं सांगितलं. आत्याने नवीन सिस्टर फार चहा पिते हे सांगितलं. दोघींमध्ये किती मोठमोठी बोलणी झाली होती, आणि आता पुढचं वाक्य कोणी म्हणायचं तेच कळेना.

“मी रोज फोन करत जाईन,” टिंगू म्हणाली. “ऑफिसातून आल्या आल्या. म्हणजे तुलाही बरं पडेल.”

हो म्हणायला आत्याचे ओठ उघडले होते. बऱ्याच वर्षांत तिला एवढं काही हवंसं वाटलं नव्हतं.

“रोज नको,” ती म्हणाली. “दमून येतेस. तुझ्या मनात येईल तेव्हा कर.”

“आणि नाही आलं मनात तर?”

“तर नको करूस.”

पलीकडे टिंगूने नाक ओढलं. आत्याने ‘रडू नकोस’ म्हटलं नाही, कारण मग तिलाही रडू आलं असतं. फोन मात्र दोघींनीही ठेवला नाही. टिंगूच्या खिडकीखालून एक गाडी गेली, दार वाजलं, कोणीतरी तिला हाक मारली, ती ‘आले’ म्हणाली आणि तरी बसून राहिली. मग दुसरी हाक आली.

“जा,” आत्या म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा तिचा कान तापून लाल झाला होता. तिने त्यावर तळहात धरला आणि तो निवेपर्यंत तशीच बसून राहिली.