माणिकबाई समोरून

"आशाबाई, इकडे नाई जी. आज तुमाले समोर बसा लागते," ढोलकीच्या दोऱ्या ओढता ओढता देवराव म्हणाले. तोवर आशाबाईंचा एक पाय स्टेजच्या पायरीवर पडलाही होता.

त्यांनी तो खाली घेतला. उभी हयात माणिकबाईंच्या मागे बसण्यात गेलेली. दिवसा शाळेच्या चुलीवर पोरांची खिचडी शिजवायची आणि भीमजयंतीचे दिवस आले, की संध्याकाळी माणिकबाईंच्या गाण्याच्या पार्टीबरोबर निघायचं. आज अकोला, उद्या धामणगाव. माणिकबाई पुढे उभ्या राहून गात, आशाबाई मागे मांडी घालून टाळी देत आणि ओळ उचलून धरत.

माणिकबाईंचा चेहरा लोकांचा होता, पाठ आशाबाईंची. मान ताठ झाली की सूर वर चढणार. उजवा खांदा सैल पडला की पुढचा शब्द काळजाला हात घालणार. आणि दम पुरेनासा झाला की माणिकबाईंचा डावा हात हळूच पाठीमागे येई, बोटं उघडत. म्हणजे, धर. आशाबाई ओळीचं शेपूट अलगद उचलत. सांधा कुठे पडला, हे कधी कुणाला कळलं नाही.

हिवाळ्यात अमरावतीला आशाबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली ती नुसती कुजबुज. त्यांच्या जागेवर माणिकबाईंची भाची रागिणी आली.

आज बाळापूरकडच्या एका गावात, शाळेच्या वर्गात पार्टी उतरली होती. आशाबाई आत डोकावल्या. माणिकबाई आरशासमोर पांढऱ्या साडीच्या निऱ्या सारख्या करत होत्या.

"येऊ नको म्हटलं होतं ना तुले? एवढी दगदग कावून केली व?"

"तुह्या दमाचं कोण पाहीन?" आशाबाई कुजबुजल्या.

"रागिणी पाहीन."

"तिले पाठ वाचता येते का?"

"पाठ?" रागिणी खुदकन हसली. "मावशी, मी तर मोबाईलवर पाहून शब्द वाचतो."

आशाबाई हसल्या नाहीत. "रमाईचं गाणं नको घेऊ, माणिक. वरच्या ओळीले दम तुटते तुहा."

"लोकं त्याच गाण्यासाठी येतात, आशे. नाई घेतलं, तर माणिक संपली म्हणतीन."

"आन् मधातच तुटलं, तर काय म्हणतीन?"

माणिकबाईंनी पदर खोचला आणि त्या निघाल्या.

आशाबाई बायकांच्या सतरंजीवर कडेला टेकल्या. शेजारच्या बाईनं विचारलं, "बाईचं गाणं ऐकाले पह्यल्या खेपेस आल्या का जी?"

आशाबाईंनी क्षणभर विचार केला. "हो. पह्यलीच खेप."

कार्यक्रम सुरू झाला आणि आशाबाईंची नजर सवयीनं ती पाठ शोधू लागली. समोर तर चेहरा होता. मान ताठ होते, तेव्हा डोळे असे मोठे होतात? आणि खांदा सैल पडतो, तेव्हा हनुवटी खाली येऊन नजर गर्दीतल्या एकाच बाईवर थांबते, जणू तिच्याच घरचं सांगत आहेत! ती बाई पदर डोळ्यांना लावते, मग तिच्या शेजारची, मग तिच्यामागची. गहू वाऱ्यानं लवावा तशी सतरंजी लवत होती. एवढं सगळं आपल्यापासून दोन हातांवर घडत होतं, आणि आपण पाठ पाहत बसलो, असं आशाबाईंच्या मनात आलं.

शेवटी रमाईचं गाणं आलं. बॅरिस्टर होऊन परतणाऱ्या धन्याची वाट पाहत रमाई दारात उभी आहे, अशी ती ओळ. सूर चढत गेला. माणिकबाईंचा उजवा हात वर उठला आणि डावा कमरेजवळून मागे दिसेनासा झाला.

त्या मागच्या हाताची बोटं उघडली आहेत, हे अख्ख्या मांडवात एकट्या आशाबाईंना माहीत होतं. त्यांचं तोंड आपोआप उघडलं. नुसती हवा निघाली. रागिणी खाली मोबाईलमध्ये पाहत होती.

ओळ तुटली. देवरावांची ढोलकी थांबली.

आता संपलं, आशाबाईंना वाटलं. पण माणिकबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. ओठ त्या शब्दावर तसेच उघडे राहिले. वर उठलेला हात खाली आला नाही. डोळे लोकांच्या डोक्यांवरून थेट मांडवाच्या दाराकडे लागले, कुणीतरी येत असल्यासारखे.

आणि सगळा मांडव मागे वळला. बायका वळल्या, मागे उभे असलेले गडी वळले, स्वयंपाकाच्या कढईपाशी बसलेलेही वळले. दारात कुणी नव्हतं. लावून ठेवलेल्या मोटारसायकली होत्या, पलीकडे कापसाचं काळं रान होतं. दम तुटला, एवढंच झालंय, हे आशाबाईंना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनीही वळून दाराकडे पाहिलं.

माना परत फिरल्या, तेव्हा माणिकबाईंनी डावा हात पुढे आणून छातीवर ठेवला होता. उरलेली ओळ त्यांनी खालच्या सुरात, जवळजवळ बोलतच पुरी केली. टाळी कुणी दिली नाही. नाक ओढल्याचे आवाज तेवढे आले.

इतकी वर्षं ही जागा उघडी पडायच्या आत आपण भरत आलो, आशाबाईंना वाटलं. त्यांना वाईट वाटलं की भरून आलं, त्यांचं त्यांनाच कळेना.

"असं कदी गायलं नवतं बाईनं," शेजारीण म्हणाली. "मी दरसाल ऐकतो जी."

मागून कुणीतरी ओरडलं, "पुन्हा होऊ द्या!" मग सगळेच ओरडू लागले. माणिकबाई कपाळावर आडवा हात धरून, लाईटच्या उजेडातून गर्दीत कुणाला तरी शोधत होत्या. आशाबाई दिसल्या, तेव्हा त्यांनी मान वर करून विचारलं, घेऊ का?

आशाबाईंनी मान हलवली. घे.

मग लुगडं सावरून त्या कडेच्या जागेवरून उठल्या आणि बायकांना "सरका व जरा" म्हणत अगदी पुढे, जिथून चेहरा नीट दिसेल तिथे, जाऊन बसल्या.