मानाचा नारळ

वाडीत विहीर असो की रस्ता, कामाचा पहिला नारळ कस्तुराबाईच्या घरचा. पिढीजात मान होता तो. तिचा नारळ फुटल्याशिवाय कुदळ मारायची कुणाची छाती नव्हती. म्हणून तर ग्रामसभेच्या सकाळी सरपंच अंबाजी, तिचा सख्खा पुतण्या, तिच्या पिठलं-भाकरीच्या टपरीवर येऊन गोड बोलू लागला.

गावाला निधी आला होता. शाळेच्या यशोधराबाईंनी मुलांसाठी प्रयोगाची खोली मागितली होती. अंबाजीला मात्र वेशीवर कमान हवी होती, वर आमदार साहेबांचं नाव. निवडणूक तोंडावर आलेली. काकूचा नारळ मिळाला की सभेत कुणी हूं की चूं करणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक.

"काकू, कमान रस्त्यावरनं दिसती. खोलीतलं विज्ञान कुणाला दिसतंय? त्याला मतं पडत न्हाईत."

कस्तुराबाईने भाकरी उलथली आणि घोट्यावरच्या काळ्या डागाकडे बघत राहिली. श्रावणात सरपण काढताना तिथं घोणस डसली होती. डसलेल्याला भैरोबाच्या देवळात बसवायचं, विष उतरेपर्यंत हलवायचं नाही, ही वाडीची रीत. तिला देवळात न्यायला अंबाजीच पुढं होता. यशोधराबाई आडव्या आल्या. पायाला दोरी बांधू दिली नाही, साऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, आणि गड बघायला आलेल्या शहरातल्या पोरांच्या गाडीत घालून तिला लोणावळ्याच्या दवाखान्यात पोचवलं. बरी झाल्यावर ती लुगडं घेऊन गेली, तर बाईंनी ते घेतलं नाही. मुलांना हेच शिकवते मावशी, म्हणाल्या, एक खोली मिळाली तर बरं.

सभेत कस्तुराबाई पदराखाली नारळ घेऊन आली. अंबाजीने हात पुढं केला. ती त्याच्या अंगावरून गेली आणि नारळ यशोधराबाईंच्या ओंजळीत ठेवला.

"विज्ञान दिसत न्हाई म्हणतोस? ही काय हितं उभी हाय. कमानीखालनं माझी तिरडी मातुर लय झोकात गेली असती."

सभा खदखदून हसली. हात वर झाले. काकू बघतेय म्हटल्यावर अंबाजीचाही झाला. खोलीवर तरी साहेबांचं नाव घालू का, त्याने हळूच विचारलं. घाल की, ती म्हणाली, पाटीनं पोरांचं काय बिघडतंय.

"मावशी, आम्ही बौद्ध, आमच्यात नारळ फोडत नाहीत," यशोधराबाई संकोचून म्हणाल्या.

"मग म्या फोडते. खोबरं तेवढं तुमच्या हातनं वाटा."

पहिला तुकडा बाईंनी तिच्याच हातावर ठेवला. कस्तुराबाईने तो कपाळाला लावला आणि मगच तोंडात टाकला.