साडेत्रेसष्ट मिनिटांची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे, आणि गेल्या महिन्यापासून मी चूक की बरोबर हेच मला कळेनासे झाले आहे.

मी कारखान्यात तयार झाले, पण मला आवाज मिळाला शहाद्यात, खेमराजशेठच्या दुकानात. तेव्हा कोऱ्या कॅसेटमध्ये आवडीची गाणी भरून मिळत. लोणखेड्याचा कॉलेजात शिकणारा हेमकांत एका परदेशी रॉक गायकाच्या बारा गाजलेल्या गाण्यांची यादी घेऊन आला. ती होत होती साडेत्रेसष्ट मिनिटांची. मी साठ मिनिटांची.

“शेठ, एकबी गानं सोडू नका,” हेमकांत म्हणाला.

“गिऱ्हाईकले कमी कसं देऊ? बसाडी देसू समदं!”

हेमकांत चहाला गेला. शेठनी गाणी भरताना मूळ तबकडीचा वेग जरा वाढवला आणि बाराही गाणी माझ्यात बसवली. वेग वाढला म्हणजे काय झाले, हे मला तेव्हा समजले नाही.

चौथ्या गाण्यात ड्रम थांबतात, गायक खरखरीत आवाजात एक ओळ म्हणतो आणि मग गिटार एकटीच बोलू लागते. तिथे हेमकांत दर वेळी श्वास रोखायचा. ती जागा मागे फिरवून ऐकत तो गिटार शिकला. तारा त्याने माझ्याशीच जुळवल्या. जुळवायला दुसरे होते काय?

पुढे मोबाईल आले आणि मी कपाटात पडून राहिले.

गेल्या महिन्यात हेमकांतची मुलगी कामिनी हिने कॉलेजच्या गॅदरिंगसाठी तेच चौथे गाणे निवडले. गायचे आणि मधली गिटार वाजवायची पप्पांनी. तीस वर्षांत प्रथमच तो लोकांपुढे वाजवणार होता. सरावाला मात्र काहीच जुळेना.

“पप्पा, तुमनी गिटार अर्धा सूर वर शे.”

“तीस वरीस आयकी ऱ्हायनू मी. तुन्हा मोबाईलच चुकस!”

कामिनी भौतिकशास्त्राची. तिने मला जुन्या टेपमध्ये घालून घड्याळ लावले. मोबाईलवर गाणे पाच मिनिटे अठरा सेकंद. माझ्यात बरोबर पाच मिनिटे. टेपचा दोष असेल म्हणून तिने कंपनीने भरलेली भजनांची कॅसेट लावून पाहिली. ती नीट चालली. दोष माझाच होता : गाणे जलद भरले गेले, म्हणून सूरही वर चढला होता.

हेमकांतने गिटार खाली ठेवली. “मंग मी शिकनू ते गानं कोनतं?”

मलाही हेच विचारायचे होते.

त्याने तारा उतरवून पाहिल्या, पण ओळखीच्या जागी गळा लागेना. “मी नही येत आते. तुम्हीच वाजाडा.”

दुसऱ्या दिवशी कामिनी मित्रांना म्हणाली, “एक मानूस खाले उतारापेक्षा आपुन चार जन वर चढूत. बटन तं दाबनं शे!” कीबोर्डचे सूर वर नेणारे बटन दाबले, बाकीच्या गिटारींच्या दांडीवर सूर चढवणारे चिमटे लागले, आणि सगळे माझ्या सुरात आले.

गॅदरिंगला ड्रम थांबले. हेमकांत एकटा वाजवू लागला, तेव्हा हॉलमध्ये कोणी खोकलेसुद्धा नाही. नंतर शिट्ट्या थांबेनात. एका मुलीने मोबाईलवर मूळ गाणे लावले आणि तोंड वाकडे केले. “हाई तं ढिलं वाटस!”

आता सांगा, बरोबर कोण?

कामिनीने माझ्यावर बारीक अक्षरात लिहिले आहे : ‘सहा टक्के जलद’. मला राग नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला जरूर तपासा. फरक मोजा, लिहूनही ठेवा. पण फेकू नका, आणि उन्हात ठेवू नका. मी चूक की बरोबर, मला अजून कळलेले नाही. एवढेच ठाऊक आहे, की माझ्यातले एकही गाणे सुटलेले नाही.