तोंड धुऊन परीक्षेला गेलेला डॉलर

मी अमेरिकेचा एक जुना चांदीचा डॉलर आहे, मित्रांनो. सध्या नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला, एका कपाटाच्या वरच्या खणात असतो. माझी हकिगत ऐकताना डोळ्यांत पाणीबिणी येईल अशी अपेक्षा ठेवू नका. मलाच आता फारसे काही वाटत नाही. का वाटत नाही, तेवढे सांगतो.

१८८९ साली कार्सन सिटीच्या टांकसाळीत माझा जन्म झाला. चांदीची एक चकती, तिच्यावर एक दणका, की झालो मी तयार. पुढे एका बाईचा चेहरा, मागे गरुड, आणि गरुडाखाली गावाच्या नावाची दोन बारीक अक्षरे. तिथे त्या वर्षी माझी भावंडे थोडीच पाडली गेली, म्हणून त्या दोन अक्षरांना पुढे भाव आला. बाजारात मी फिरलोच नाही. आधी बँकेच्या पोत्यात आणि मग कोणाकोणाच्या पेटीत पडून राहिलो. सव्वाशे वर्षांत अंगावर मोरपंखी काळसर छटा चढली. उजेडात मला तिरपे धरून फिरवले, की चेहऱ्यावरून प्रकाशाचे एक चाक फिरत जाई. ते पाहून जाणकार खुर्ची पुढे ओढत. मला त्याचा गर्व होता, खोटे कशाला बोलू.

२०१२ साली युट्रेख्टच्या नाण्यांच्या बाजारात राजनने मला घेतले. राजन चिप बनवण्याच्या यंत्रांवर काम करणारा इंजिनिअर. नाण्यांचा नाद त्याला वडिलांकडून लागलेला. वडील विश्वासराव, नाशिकला पोस्टात होते. कार्सन सिटीचा एक डॉलर आपल्याकडे असावा, असे त्यांना आयुष्यभर वाटत होते. राजनने पाठवलेला माझा फोटो त्यांनी भिंगातून पाहिला आणि फोनवर एवढेच म्हणाले, "घासू नकोस हं. आणि एकदा परीक्षेला पाठव."

परीक्षा म्हणजे अमेरिकेतले तज्ज्ञ आम्हांला सत्तरपैकी मार्क देतात आणि बंद डबीत घालून परत पाठवतात. घासलेल्या नाण्याला मार्क मिळत नाहीत. राजन आज पाठवू, उद्या पाठवू करत राहिला, आणि २०१५ मध्ये विश्वासराव गेले.

वर्षश्राद्ध उरकल्यावर राजनची आई, पद्मजाआजी, तीन महिन्यांसाठी इकडे आली. ती दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या सायकली बघे. विचारले तर उत्तर देई, नाही विचारले तर गप्प. नात भार्गवी शाळेतून येऊन इंग्रजीत बडबडे, आजी मान हलवी. राजनला तिची काळजी वाटत होती.

"आई, बाबांचा डॉलर सोमवारी रॉटरडॅमला नेतोय," त्याने एकदा सांगितले. "तिथला व्यापारी अमेरिकेला पाठवेल, परीक्षेला."

"बरं," आजी म्हणाली.

लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी सुनेने, उत्तराने, पूजेची चांदी तिच्यापुढे आणून ठेवली. निदान हात तरी हलतील, एवढाच तिचा हेतू. आजीने तबक घासले, निरांजन घासले. मग ती आपणहून उठली, खण उघडला आणि मला कागदी पाकिटातून बाहेर काढले. टूथपावडर, चिमूटभर रांगोळी, ओला पंचा. कडेपासून मध्यापर्यंत, अगदी मायेने तिने मला घासले. सुरुवातीला झोंबले. मग दाताच्या डॉक्टरकडे गाल बधिर होतो, तसे सगळे अंग बधिर झाले. ते चाक पुसले गेले. ते कधी परत येत नाही.

संध्याकाळी राजन सायकल लावून आत आला. आजीने मला त्याच्या तळहातावर ठेवले.

"परीक्षेला जायचं तर तोंड धुऊन जावं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं ह्यांनी मला एका नाण्याला हात लावू दिला नाही. आज लावला."

"आजी, सो शायनी," भार्गवी म्हणाली.

आजी हसली. त्या घरात ती पहिल्यांदाच हसत होती. राजनने मला दिव्याखाली तिरपे धरून एकदा फिरवले.

"छान झालंय, आई," राजन म्हणाला.

पूजेला माझ्यावर हळदकुंकू पडले. सोमवारी राजनने मला खरोखरच रॉटरडॅमला नेले. नेले नाही तर आईला सांगणार काय? डिसेंबरात मी डबीत बंद होऊन परत आलो. डबीतल्या चिठ्ठीवर लिहिले होते, अस्सल, पण घासलेले. मार्कांची जागा रिकामी होती.

आजीने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "किती पडले रे?"

राजनने चिठ्ठीवर अंगठा ठेवून डबी पुढे केली. "चौसष्ट."

"ह्यांना साठाची आशा होती," आजी म्हणाली. मग जेवताना ती भार्गवीला विश्वासरावांच्या गोष्टी सांगत राहिली. पोस्टातल्या, नाण्यांच्या, दोघांच्या भांडणांच्या. मी टेबलावरच होतो. मला आनंद व्हायला हवा होता.

मित्रांनो, जुने नाणे सापडले तर घासू नका. कडेने धरा, कोरड्या पाकिटात ठेवा. आणि ते का घासायचे नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. विश्वासरावांनी चाळीस वर्षांत हे एक वाक्य आजीला सांगितले असते, तर माझे चाक माझ्याजवळ राहिले असते.

आजी आता नाशिकला असते. दर रविवारी फोनवर माझी चौकशी करते. राजन खण उघडून मला हातात घेतो आणि म्हणतो, "चकाकतोय, आई." फोनवरून तिला काही दिसत नाही. तरी त्याचा अंगठा चिठ्ठीवरच असतो.