जावईबापूंचे पंख

तेहेतीस धोंडे, पुरण भरलेले, वाफेवर.

सोनेरी पंख, एक जोड. जांभळा घागरा. उंच टाचांचे बूट.

गीताबाईच्या जावयाला सफारी, शिलाईसकट.

पालमहून येणारी एसटी, खिडकीची जागा.

‘पेमेंट झाले.’

ट्रंकेत डांबरगोळ्या.

हे सगळं राणीसावरगावात एकाच ओसरीवर आलं, ते असं.

अधिक महिना तीन वर्षांनी येतो. लेक-जावयाला बोलवायचं, धोंडे खाऊ घालायचे, जावयाच्या अंगावर नवे कपडे घालून पाठवायचं. जावई कोऱ्या कपड्यांत स्टँडपर्यंत चालत जातो आणि गल्ली दारात उभी राहून कापड बघते. त्या चालण्यावर सासूची अब्रू.

आजकालच्या जावयांना सासूची पसंती चालत नाही, म्हणून मनकर्णाबाईंनी नवऱ्याला जीवनच्या फोनवर कपड्यांचे तीन हजार आधीच पाठवायला लावले होते. जीवन पाटावर बसला तो मात्र कॉलर विरलेल्या टी-शर्टात.

“कपडे कुठंयत, जावईबापू?”

“घेतलेत की, मामी.” त्याने मोबाइल पुढे धरला. पडद्यावर एक उंच बाई बंदूक घेऊन उभी होती. पंख हलत होते.

“ही कोण?”

“मीच हाय. गेममधला मी.”

“तुमी बाई हाव का?”

“तिथं बायांच्या कपड्यात लय व्हरायटी हाय.”

राजेश्री धोंड्यांवर तूप सोडत होती. “मला इचारू नको, माय. माझ्यापरीस तिच्याकडं जास्ती कपडे हायत.”

“हे अंगातून काढून तुमाला घालता येतंय का?”

“न्हाई, मामी. पण जगभरातले लोक बघतेत.”

“जगाचं काय करायचंय? गीता बघायलीय का?”

समोरच्या उंबऱ्यावर गीताबाई तांदूळ निवडत बसली होती. ते तांदूळ सकाळपासून तेच होते.

मनकर्णाबाईंनी आधी रीत पुरी केली. मोबाइल पाटावर ठेवला. बाईमाणूस घरी आलंय, तसंच कसं पाठवायचं, म्हणून पुढ्यात खण-नारळ ठेवला आणि पडद्याला कुंकू लावलं. बोट लागताच आतली बाई गर्रकन वळून पाठ करून उभी राहिली.

“लाजली,” सासरे सटवाजी म्हणाले.

“तुमी ट्रंक उघडा.”

सटवाजींनी कोरं धोतर काढलं.

“मामा, मला नेसता येत न्हाई.”

“मी नेसवतो. ही गेम न्हाई, जपून चाला. सुटलं की सुटलं.”

जीवन निघाला. पांढरं धोतर, वर सासऱ्याचा नेहरू शर्ट, खिशात पंखवाली, कुंकवासकट. दोन्ही हात निऱ्यांवर. राजेश्री तोंडाला पदर लावून चार पावलं पुढे.

गीताबाईने सूप खाली ठेवलं, रस्त्यात आली, धोतराचा काठ चिमटीत धरला. जीवन जागच्या जागी थिजला.

“सफारी काय कुणीबी देतंय गं,” ती मनकर्णाबाईंना म्हणाली. “हे सूत बघ. कुठून आणलंस?”

“नांदेडहून.”

“वाटायलंच.”

ते धोतर माघात गीताबाईच्याच लेकीच्या लग्नात सटवाजींना आहेर आलं होतं.