माझ्या धुराला मासळीचा वास

मित्रांनो, जरा वाका. अजून वाका. हां, इथे खाली! मी एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे आणि उंचीने तुमच्या कमरेएवढी आहे. रत्नागिरीत लोक आधी माझ्या टपावर पिशवी ठेवतात आणि मग विचारतात, "ही चालते काय?"

जन्म माझा इटलीतला. एका ढेरपोट्या कारागिराने मोठमोठ्याने गाणी म्हणत माझ्या सीटा शिवल्या. बालपण गेलं इंग्लंडात, म्हणून स्टिअरिंग उजव्या हाताला. तिथल्याच एका बंदरावर आमचे महेंद्र जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचे. परदेशात गेलेला माणूस घड्याळ घेतो, सेंट घेतो. यांनी मला घेतलं. नोकरी आटपून घरी परतताना भांडीकुंडी, गाद्यागिरद्या आणि मी, सगळी एकाच जहाजातून आलो.

मी इथे आले आणि रमले. इथला जांभा माझ्याच रंगाचा, त्यामुळे धूळ बसली तरी मी आंघोळ केलीय की नाही ते कुणाला कळत नाही. माझे दिवे झाकणाखाली असतात, बटण दाबलं की वर येतात. उजवा पटकन येतो, डावा मागाहून. समोरच्याला वाटतं, हिने डोळा मारला! एकदा नाक्यावर हवालदाराला मारला. बिचारा लाजून शिट्टी वाजवायची विसरला.

पण खरं सांगू? माझं कौतुक फार झालं आणि पळणं काहीच नाही. महेंद्र मला भाट्याच्या पुलापर्यंत न्यायचे, तेही वरातीच्या चालीने. खड्डा दिसला की श्वास रोखायचे. घरी आलं की पुसायचे, झाकायचे. घोडी पाळायची आणि तिला झोपाळ्यावर बसवायचं, त्यातला प्रकार.

महेंद्रची आई म्हणजे गंगुबाई. माहेर केळशीचं, बाप दर्यावर जाणारा. केळशीत त्यांची धाकटी बहीण असते, सुंदराबाई. या दोघींचं प्रेम असं, की रोज फोनवर भांडल्याशिवाय जेवण जात नाही.

"गंगे, तुझ्याकडे गाडी आहे की गाडीची नुसती गोष्ट?" सुंदराबाई विचारायच्या. "दर वेळी एस्टीनेच उतरतेस ती!"

एके दिवशी गंगुबाई पेटल्या. "उद्या तुझ्या नातीच्या साखरपुड्याला गाडीनेच येतेय. दारातल्या फटफट्या बाजूला काढून ठेव!" आणि फोन आपटला.

झालं! महेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. कागद पुरे असल्याशिवाय ते मला फाटकाबाहेर काढत नाहीत, आणि माझ्या पीयूसीची मुदत नेमकी त्याच दिवशी संपत होती. म्हणजे धुराची परीक्षा आजच पास व्हायला हवी. नाहीतर उद्या पुन्हा एस्टी, आणि सुंदराबाईंची जन्मभराची चंगळ.

आम्ही तिघं नितेशच्या केबिनवर गेलो. नितेश म्हणजे धूर तपासणारा. त्याने इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि माझ्या मागच्या नळकांड्यात आपली नळी खुपसली. मित्रांनो, ओळख ना पाळख! मी एकच सणसणीत "ठो" दिला. नितेश मागे रचलेल्या जुन्या टायरांच्या ढिगात जाऊन बसला. फक्त पाय दिसत होते.

मग धूर आला. पांढरा, गरगरीत आणि असा वासाचा, की रस्त्यापलीकडची दोन मांजरं शेपट्या उभारून धावत आली.

"काका," नितेश ढिगातून म्हणाला, "ही इटलीची गाडी की मिरकरवाडा बंदरातली मासळीची टोपली? सरळ नापास!"

"अरे, आईला उद्या जायचंय. बघ ना, काही जमतंय का."

"मशीन फोटो काढून वर पाठवतं, काका. त्याला काय चहा पाजू?"

महेंद्रनी बाह्या सरसावल्या. प्लग काढले, पुसले, फिल्टर झटकला, कानाला लावून इंजिन ऐकलं. मोठमोठ्या जहाजांची नाडी ओळखणारा माणूस, पण धूर काही हटेना. मांजरं तेवढी वाढली.

गंगुबाई मात्र नाकपुड्या फुगवून खुशीत हसत होत्या. "मुशीचं तेल," त्या म्हणाल्या. "अस्सल आहे हो. अजून वास गेला नाही."

महेंद्र पाना हातात धरून तसेच वळले. "आये, माशाचं तेल हिच्यात कुठून आलं?"

"मी घातलं. पावसात तू मुंबईला लेकीकडे जाऊन बसलास. हिला कोण बघणार? आमच्या केळशीला पाऊस लागायच्या आधी होडी वर ओढतात, मुशीचं तेल चोपडतात, माडाच्या झापांनी शाकारतात. तसंच केलं मी. दर्याची हवा लोखंड खाते रे!"

"बाहेरून चोपडलंस ते ठीक. पण आत?"

"गंज आतून धरत नाय काय? मागच्या दोन्ही तोंडांत वाटी वाटी ओतलं. गप प्यायली हो, शहाण्यासारखी."

मित्रांनो, ते माझं तोंड नव्हे! पण एवढ्या मायेने पाजणाऱ्या बाईला ते सांगणार कसं?

नितेश हसून हसून खाली बसला. "आजी, धन्य! काका, कढईतलं तेल कसं उडतं? आच दिली की. हायवेला न्या आणि दणकून पळवा. सायलेन्सर तापला की आतलं सगळं जळेल. मी सातला बंद करतो."

"पळवू? हिला?" महेंद्रचा आवाज बारीक झाला. गंगुबाई तोवर सीटवर बसून पदर खोचत होत्या.

हायवेला लागलो, हातखंबा मागे पडला. महेंद्र तसेच, वरातीच्या चालीने. इतक्यात राजापूरची एस्टी भोंगा वाजवत आम्हाला ओलांडून गेली.

"एस्टी पुढे गेली रे!" गंगुबाई ओरडल्या. "मेल्या, एस्टी! सुंदरी बघत असती तर मला विहीर जवळ करायला लागली असती!"

महेंद्रनी दातओठ खाल्ले, गिअर बदलला आणि पाय दाबला.

अहाहा! मित्रांनो, काय सांगू! इतक्या वर्षांचा आळस अंगातून उडाला. मी ओरडले, खिदळले, वळणाला चिकटून धावले. मागे धुराचा पांढरा शेपटा आणि त्याच्यामागे नाक धरलेला टेम्पोवाला. एस्टी कधी मागे पडली कळलंच नाही. गंगुबाईंचा अंबाडा सुटला. "सोड, आणखी सोड!" त्या टाळ्या पिटत होत्या. महेंद्र तर शाळेतल्या पोरासारखे हसत होते. पालीच्या पुढे शेपटा विरळ झाला, लांज्याला दिसेनासा झाला. तिथून परतलो.

नितेश शटर ओढतच होता. नळी घातली. या वेळी मी गप्प राहिले. आकडे खाली, खाली, खाली... मशीनने टर्रकन कागद सोडला.

"पास!" नितेश ओरडला. "आजी, पुढच्या वर्षी तेल घरातच ठेवा हां!"

"घरातच होतं की," गंगुबाई म्हणाल्या. "ही काय परकी आहे?"

आणि आज आम्ही केळशीत आहोत. दारातल्या फटफट्या खरोखरच बाजूला काढलेल्या. सुंदराबाई बाहेर आल्या. मला पुढून बघितलं, मागून बघितलं. कौतुकाचा एक शब्द नाही. सरळ दार उघडलं.

"उतर गो गंगे. किती बसशील? आता माझी पाळी."

गंगुबाई उतरल्या. एवढ्या ऐटीत महाराणीसुद्धा उतरली नसेल.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी असेल झाकून ठेवलेलं. सायकल असेल, पेटी असेल, एखादी आजीसुद्धा असेल. त्यांना पुसा, तेल द्या, माया करा. पण बाहेरही काढा रे. आम्ही वापराने जेवढे झिजतो ना, त्याहून बसून बसून जास्त मरतो.

चला, सुंदराबाईंनी पट्टा लावला. त्या म्हणतायत, "हळू चालवलंस तर बघ!"