एका मेंढीला एकच खूण

मी एक जुना गेरूचा डबा आहे. जन्माने मात्र तेलाचा. घोडनदीच्या बाजारातून गेणबा आबांनी मला खुटबावला आणले. तेल संपल्यावर त्यांनी माझे तोंड कापले, आत गेरू कालवला आणि मी मेंढरांच्या कामाला लागलो. मित्रांनो, तेव्हा माझा काय तोरा होता! दोन घरांची मेंढरे एकत्र चरायची. आबांच्या मेंढीला पाठीवर ठिपका, शेजारच्या रखमाजींच्या मेंढीला मानेवर पट्टा. मी नसतो तर कोणती मेंढी कोणाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते!

पुढे आबांनी मेंढरे विकली आणि ऊस लावला. मी गोठ्यात खिळे सांभाळत बसलो. कोणी ढुंकून पाहीना, याचे फार वाईट वाटायचे.

आबांची नात अंकिता शिरूरला अकरावी सायन्सला आहे. आकड्यांच्या जोड्या पाहून फंक्शन आहे की नाही हे ओळखायचे, तिथे तिचे गाडे हमखास अडायचे. गणित प्रदर्शनात उत्तर चुकले तर सायन्स सोडीन, असे ती घरात बोलून बसली होती. एका सकाळी गोठ्यात येऊन रडू लागली. आबा जवळ बसले.

"एक, दोन, तीन, तिघांचीबी जोडी चाराशी," ती म्हणाली. "मी फंक्शन न्हाई असं लिव्हलं, आन् चुकलं. प्रत्येकाला जोडीदार एकच पाहिजे म्हणत्यात."

"मंग हाय की एकच!" आबा हसले. "माझ्या शंभर मेंढ्या हुत्या, समद्यांवर माझीच खूण. कुणी भांडलं न्हाई. पर एकदा घाईत एकाच मेंढीवर माझा ठिपका आन् रखमाजीचा पट्टा, दोन्ही पडलं. मेंढी एक, धनी दोन! आठ दिस आम्ही बोलत नव्हतो."

अंकिताचे रडे थांबले. तिने खिळे ओतून मला घासूनपुसून लख्ख केले.

शिरूरच्या प्रदर्शनात मी टेबलावर मधोमध होतो, पोटात पुन्हा ताजा गेरू, भोवती नंबर आणि एकेक ठिपका घातलेल्या पुठ्ठ्याच्या मेंढ्या. परीक्षक बाईंनी लिहिले: (१, ४), (२, ४), (३, ४).

"हे फंक्शन आहे?"

"हाय, मॅडम. तिघींचा धनी एकच असला तरी चालतं."

बाईंनी खाली (२, ५) वाढवले. "आणि आता?"

अंकिताने माझ्यात बोट बुडवून दोन नंबरच्या मेंढीवर दुसरी खूण उमटवली. "आता न्हाई. हिला धनी दोन झाले."

टाळ्यांचा नुसता कडकडाट! पहिला नंबर आमचा. आनंदाने माझा पत्रा थरथरत होता.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी म्हाताऱ्या माणसांना तिच्याविषयी एकदा विचारा. आणि त्यांचे बोलणे पुरते ऐका.

परतताना एसटीत अंकिताच्या वडिलांनी, संपतने, मला मांडीवर घेतले.

कंडक्टर म्हणाला, "ओ पाव्हणं, डबा सीटखाली ठेवा."

"डबा म्हणू नका," संपत ताठ बसत म्हणाला, "आमच्या पोरीचे मास्तर हायेत हे."